लालाचा गुरुवार

"मॅडम, आमच्या लालाचं काय झालं?"

खिडकीतून विचारणारा माणूस माझा बाप होता. सकाळी ह्याच माणसाने मी डबा घ्यायला विसरले म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारल्या होत्या. पण कारखान्याच्या फाटकातून आत आलं की मी 'मॅडम' आणि ते 'म्याकलकाका'. हा करार त्यांनीच केला होता, मी नोकरीला लागले त्या दिवशी. "पोरगी आत बसलीय म्हणून बापाचं सूत आधी रंगतंय, असं कुणी म्हणायला नको," म्हणाले. तेव्हापासून इतर मागवाल्यांसारखे तेही रांगेत उभे राहायचे आणि पाळी आली की मला अहो-जाहो करायचे. जन्मदात्याला काका म्हणताना माझी जीभ अडखळायची, त्यांची मात्र कधी अडखळली नाही.

"अजून जमलेलं नाही, काका," मी म्हणाले. "टाकी भरत नाही."

"बरं." एवढंच बोलून ते बाजूला झाले आणि मागच्याला जागा दिली.

ही गोष्ट सोलापूरची, मोबाईल यायच्या आधीची. अक्कलकोट रोडला बिराजदारशेठांचा सूत रंगवायचा कारखाना होता. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून तिथे लागले होते आणि माझ्याकडे होता फळा. कुणाचं सूत कधी टाकीत जायचं, ते मी त्या फळ्यावर लिहायची. कारखान्यात दोन टाक्या होत्या. त्यातली लहान बिघडून पडली होती, तिचा पंप दुरुस्तीला गेला तो गेलाच. उरली मोठी टाकी, आणि तिचा स्वभाव एखाद्या मोठ्या घरातल्या सासूसारखा. तिला सगळं भरलेलं लागायचं. थोडं सूत टाका की भरपूर, पाणी तेवढंच, वाफ तेवढीच, वेळही तेवढाच. म्हणून शेठचा नियम होता की अर्ध्याहून कमी भरलेली टाकी चालवायची नाही.

दुसरा नियम रंगांचा. आठवड्याची सुरुवात फिक्यापासून करायची आणि गडद करत न्यायचं. सोमवारी गुलाबी, आकाशी असले नाजूक रंग, मग पिवळा, गुरुवारी लाल, शुक्रवारी चॉकलेटी, शनिवारी काळा. रविवारी टाकी उकळून धुवायची. गडदानंतर फिका घेतला तर टाकीला चिकटलेला रंग नव्या सुताला लागतो आणि कुणाच्या तरी नव्या टॉवेलवर ढग उमटतात. त्यामुळे लालाचा गुरुवार हुकला की पुढच्या गुरुवारपर्यंत गप्प बसायचं. मागवाल्यांच्या घरात संकष्टी लक्षात नसेल, पण आपल्या रंगाचा वार तोंडपाठ असायचा.

नायनांचे दोन गुरुवार हुकले होते. आम्ही घरात तेलुगू बोलतो, म्हणून वडलांना नायना आणि आईला अम्मा. आमच्या शेडमध्ये चार माग होते आणि दिवाळीपासून ते चारही मुके होते. बाजार बसला होता. मागांचा दलाल एकदा येऊन टकटक करून बघूनही गेला होता. लोखंडाच्या भावात न्यायचे म्हणत होता. तेवढ्यात एका भक्तनिवासाकडून लाल चादरींची ऑर्डर आली, मध्ये कुणी व्यापारी नाही, थेट. नायनांनी अम्माला सांगून टाकलं, "ही वेळेत दिली तर माग राहतील, दरवर्षीचं काम आहे. नाही दिली तर विकायचे आणि मी कुठंतरी वॉचमन म्हणून उभा राहतो." दोन दिवस अम्माने आमटीत मीठ जास्त टाकलं, त्यावरून काय ते कळलं.

आणि आता हा शेवटचा गुरुवार होता. ह्याच्या पुढे गेलं की चादरी विणून व्हायच्या नव्हत्या. नायनांचं सूत टाकीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढं. त्या आठवड्यात लाल मागणारा दुसरा एकच माणूस फळ्यावर होता, व्यंकटेश इराबत्ती. टॉवेलांसाठी त्याचंही सूत तेवढंच. दोघांचं मिळून टाकी सहज चालली असती.

अडचण अशी की हे दोघे दहा-बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

एके काळी ते भागीदार होते. एकाच शेडमध्ये दोघांचे माग, एकाच बशीत दोघांचा चहा. मग काहीतरी बिनसलं. गल्लीत सांगायचे की लाल रंगावरून भांडले. मी तेव्हा लहान होते, मला ते खरंच वाटायचं, कारण आमच्याकडे लालावरून भांडणं हा काही विनोद नव्हता. नायनांचा लाल जरा केशराकडे झुकणारा, इराबत्तीमामांचा जरा डाळिंबाकडे. ज्याचा त्याचा लाल ठरलेला, आणि दुसऱ्याच्या लालाला लाल म्हणायचीही कुणाची तयारी नसायची.

मी सोमवारी संध्याकाळी जेवताना विषय काढला. "नायना, इराबत्तीमामांबरोबर एकाच टाकीत घालूया का?"

"त्याचा रंग माझ्या चादरीला? बीट किसून टाकल्यासारखा दिसेल."

"मधला एखादा काढू. तुमचाही नाही, त्यांचाही नाही."

"म्हणजे दोघांचंही नाक कापायचं."

"भक्तनिवासाच्या मॅनेजरने काय सांगितलंय? लाल द्या आणि मळ दिसू नये असा द्या. त्यांना तुमचा आणि मामांचा फरक कळणार आहे का?"

"मला कळतो ना." नायना भाकरी मोडत म्हणाले.

अम्माने त्यांच्या ताटात भाजी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "वॉचमनच्या शर्टाचा रंग पण तुम्हालाच ठरवू देतात का, विचारून ठेवा."

नायना जेवून उठले ते थेट बाहेर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी रंगमास्तरकडून दोघांच्या मधल्या लालाची एक छोटी लडी रंगवून घेतली आणि सुट्टी झाल्यावर आधी इराबत्तीमामांकडे गेले. उंच, वाकलेला माणूस. दारातच उभे राहून त्यांनी लडी उन्हात धरली, उलटीपालटी केली. "तुझ्या बापाचं गाजर नाही हे," म्हणाले. "माझापण नाही. पण वाईट नाही." मी ती घेऊन घरी आले. नायनांनी ती अंगणात नेली, डोळे बारीक करून बघितली, पुन्हा सावलीत बघितली.

"माझा नाही," म्हणाले. थोड्या वेळाने, "पण वाईट नाही. त्याला दाखवलंस?"

"दाखवलं."

"काय म्हणाला?"

"तुम्ही आत्ता जे म्हणालात तेच."

नायनांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "ठरलं म्हणून सांग. पण माझं सूत मी आणणार, त्याचं त्यानं आणायचं. बोलायचं-बिलायचं काही नाही."

मी बुधवारी फळ्यावर लिहिलं : गुरुवार, लाल, म्याकल आणि इराबत्ती. दोन नावं एका ओळीत बघून रांगेतली माणसं एकमेकांना ढोसायला लागली. मला इतका आनंद झाला होता की मी खडू हातात घेऊन तशीच उभी राहिले.

गुरुवारी सकाळी नायना कारखाना उघडायच्या आधीच सूत घेऊन हजर. थंडी होती, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. पिवळं सूत टाकीतून निघालं, टाकी विसळून झाली. मास्तर रंग कालवायला तयार. इराबत्तीमामांचा पत्ता नाही. त्यांचं सूत ब्लीच करायला शहराच्या दुसऱ्या टोकाला दिलेलं होतं, तिथून ते थेट येणार होते. त्यांच्याकडे फोन नव्हता, ब्लीचवाल्याकडे होता पण तो कुणी उचलत नव्हतं.

बिराजदारशेठ बाहेर आले. मनाने वाईट माणूस नव्हता, पण टाकी रिकामी दिसली की त्यांना धाप लागायची.

"काय पद्मजाबाई, टाकीला सुट्टी दिलाव का?"

"इराबत्तींचं सूत यायलंय, शेठ."

"यायलंय म्हणजे कुठं हाय? तिकडं चॉकलेटीवाला कालच सूत टाकून गेलाय. मोठं गिऱ्हाईक हाय. लाल होत नसंल तर चॉकलेटी घ्या. आजच घ्या."

चॉकलेटी आत गेला की संपलं. त्यानंतर लाल नाही, पुढच्या गुरुवारपर्यंत नाही.

शेठनी माझं तोंड बघितलं असावं. जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, असं करा. तुमच्या वडलांचं एकट्याचंच घ्या. कमी हाय, चालतंय. रिकामी ठेवण्यापरीस बरं. एवढ्या खेपेला नियम राहू दे बाजूला."

मला रडूच आलं. मी धावत खिडकीशी गेले. करार-बिरार सगळं विसरून म्हणाले, "नायना, शेठ हो म्हणाले! तुमचं एकट्याचं घेतात. आत्ता. तुमच्याच लालात घेऊ."

नायनांनी आपल्या सुताच्या गठ्ठ्याकडे बघितलं, मग फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे.

"आणि त्याचं?"

"त्यांचं पुढच्या गुरुवारी."

"त्याची ऑर्डर तोवर थांबत असती तर तो मधल्या लालाला हो म्हणाला नसता."

"पण ते आले नाहीत ना! आपण काय करणार?"

"थांबायचं," नायना म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "नायना, तुमचे माग जातील."

"ऐक." ते खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून वाकले. पुढचं जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "भागीदारीत असताना आमचा एक मोठा लॉट होता. अर्धं सूत व्यंकटेश घेऊन गेला, अर्धं मी सायकलवर आणत होतो. वाटेत चेन तुटली. सायकल ढकलत आलो. वळणावर आलो तर लांबून वाफ दिसली. कारखान्याच्या पत्र्यावरून वर जाणारी. टाकी सुरू झाली होती. त्यानं कुणाला विचारलंही नाही, म्याकल येतोय का, थोडं थांबू का. त्याचं टाकलं आणि सुरू. माझं पुढच्या आठवड्यात रंगलं. दोन घाण्यांचा लाल कधी जुळतो का? अर्धा माल एक, अर्धा माल एक. व्यापाऱ्यानं सगळा परत पाठवला. लोक म्हणतात रंगावरून भांडलो. रंग कसला. मला त्या वाफेचा राग आला होता."

पुन्हा रस्त्याकडे बघत म्हणाले, "लांबून वाफ दिसली की माणसाच्या पायातलं बळ जातं. मी दुसऱ्याला ते दाखवणार नाही. त्याला तर नाहीच."

मग ते सरळ झाले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले, "मॅडम, माझं एकट्याचं घेऊ नका. दोघांचं घ्या, नाहीतर नका."

शेठनी कपाळावर हात मारला. "म्याकल, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का? ही टाकी हाय का धर्मशाळा?"

मला राग आला होता, शेठचा नाही, नायनांचा. आणि त्याच वेळी असा अभिमान वाटत होता की तो लपवायला मी फळ्याकडे तोंड फिरवलं. फळ्यावरची नावं वाचत गेले आणि पुढच्या आठवड्याच्या ओळीत एका शब्दावर थांबले. केशरी. उपरण्यांचं सूत, टाकीभर, गोदामात येऊन पडलेलं.

"शेठ," मी म्हणाले, "टाकी रिकामी ठेवायचीच नाही. केशरी घेऊ."

"केशरी पुढच्या बुधवारचा हाय."

"सूत तर आलंय. पिवळ्यानंतर केशरी घ्यायला टाकी धुवायला लागत नाही, आणि केशरीनंतर लाल घ्यायलापण नाही. तो लवकर निघतो. तुमचं पुढच्या आठवड्याचं काम आजच संपतंय. चॉकलेटी उद्याचाच होता, तो उद्याच जाईल. तोवर इराबत्ती येतात."

शेठनी बोटं मोजत मनाशी हिशेब केला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव आला की ही कल्पना त्यांनाच सुचली असावी. "घ्या केशरी. पण केशरी निघाल्यावर इराबत्ती दारात नसला, तर मी चॉकलेटी टाकणार. मग म्याकलचं एकट्याचंपण नाही. तेवढं सांगून ठेवतो."

"चालतंय," नायना म्हणाले.

केशरी सूत टाकीत गेलं, झाकण बसलं, वाफेचा कॉक फिरवला. थोड्याच वेळात पत्र्यावरच्या पाइपातून वाफ निघाली. थंडीच्या हवेत पांढरीशुभ्र, जाड, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी.

नायना तिच्याकडे बघत होते. एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"त्याला ही दिसणार," म्हणाले, आणि फाटकाकडे निघाले.

तिथे ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मी आत-बाहेर करत होते. जेवणाची सुट्टी झाली, संपली. अम्माने दिलेला डबा त्यांनी उघडला नाही. मास्तर मला दोनदा येऊन सांगून गेला की केशरी आता निघायला आला. मी शेवटी फाटकापाशी गेले आणि म्हणाले, "आत चला, नायना. ऊन लागतंय." ऊन काही फार नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर हातगाडी दिसली. तिच्यावर पांढऱ्या सुताचा ढीग, आणि मागून ढकलणारा उंच, वाकलेला माणूस. टेम्पो बंद पडला होता आणि इराबत्तीमामा शहराच्या त्या टोकापासून गाडी ढकलत आले होते, हे नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की गाडी वळणावर आली आणि थांबली. माणसाने मान वर केली. पत्र्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने गाडीची दांडी फिरवली आणि तोंड पुन्हा शहराकडे केलं.

"व्यंकटेश!"

ही हाक मी इतक्या वर्षांत नायनांच्या तोंडून ऐकली नव्हती. ते पळत सुटले. साठीला टेकलेला माणूस, पायात चप्पल, धोतराचा सोगा एका हातात. एक चप्पल रस्त्यातच राहिली. "व्यंकटेशा! अरे केशरी आहे! केशरी! आपला लाल नाही तो! थांब रे!"

रस्त्यावरचे सायकलवाले थांबून बघायला लागले. इराबत्तीमामा तसेच उभे, पाठमोरे. नायना धापा टाकत त्यांच्यापाशी पोचले आणि गाडीची दांडी धरली. मी चप्पल उचलून मागोमाग पळत गेले, म्हणून पुढचं ऐकलं.

"केशरी आहे," नायना पुन्हा म्हणाले. श्वास पुरत नव्हता. "तुझ्यासाठी थांबलीय टाकी."

"शेठनं थांबवली?"

नायनांनी गाडीची दांडी कारखान्याकडे वळवली. मी म्हणाले, "ह्यांनी थांबवली, मामा. शेठ ह्यांचं एकट्याचं घेत होते."

इराबत्तीमामांनी नायनांकडे बघितलं. त्यांच्या ओठांची काहीतरी जुळवाजुळव चालली होती. "राजेशम," म्हणाले, "मी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो."

"माहीत आहे. ढकल आता. केशरी निघाला असेल."

दोघांनी मिळून गाडी ढकलत आणली. मास्तर केशरी सूत बाहेर काढतच होता. शेठ चॉकलेटीच्या गठ्ठ्याशी उभे होते. ह्या दोघांना एका गाडीला लागलेलं बघून ते बाजूला झाले. "टाका लवकर," एवढंच म्हणाले. आणि मग घाईघाईत त्या दोन म्हाताऱ्यांनी, ज्यांनी उभं आयुष्य सुतात काढलं होतं, अशी चूक केली, जी कारखान्यातला शिकाऊ मुलगासुद्धा करणार नाही. आपल्या लड्यांना खुणेचे दोरे बांधायचेच विसरले. एका टाकीत दोघांचं सूत जायचं तर ज्याने त्याने आपल्या लड्यांना वेगळ्या गाठीचा दोरा बांधायचा, नाहीतर रंगून आल्यावर ओळखणार कसं? दोघांचं सूत एकाच नंबरचं, एकाच गिरणीचं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल सूत बांबूंवर वाळत पडलं होतं, कारखान्याच्या अंगणभर. एकच लाल, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. नायना आणि मामा त्यातून फिरत होते, लड्या उचलून बघत होते आणि पुन्हा ठेवत होते. चूक दोघांना एकदमच कळली. नायनांनी जीभ चावली.

"आता वाटणी कशी करायची?" मी विचारलं.

"वजनानं करता येईल," मामा म्हणाले. पण करायला कुणीच पुढे झालं नाही.

मामांनी एक लडी हाताभोवती गुंडाळली आणि तिच्याकडेच बघत विचारलं, "तुझे किती माग चालू आहेत?"

"चार आहेत. सूत मिळालं की चारही चालू."

"माझे दोनच उरलेत. टॉवेल वेळेत होणार नाहीत त्यांच्यावर."

"मग सगळं माझ्याकडंच ने," नायना म्हणाले. "आधी तुझे टॉवेल काढू, मग चादरी. नाहीतर बरोबरच लावू. पद्मा सांगेल कसं लावायचं ते. तिला फळ्याचं कळतं."

ते मला कारखान्यात पहिल्यांदाच पद्मा म्हणाले होते. मी म्हणाले, "दोन मागांवर टॉवेल, दोनांवर चादरी. दोन्ही वेळेत होतात."

सोमवारी आमच्या शेडमध्ये चारही माग एकदम सुरू झाले. इतक्या महिन्यांच्या शांततेनंतर तो खडखडाट घरभर शिरला, भांडी थरथरायला लागली. दलाल त्याच दिवशी आला होता, दारात उभा राहून काहीतरी विचारत होता, पण कुणालाच काही ऐकू जात नव्हतं. अम्मा हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली, त्याच्याकडे बघून तिने कानाला हात लावला, मान हलवली आणि हसत हसत पुन्हा आत गेली. त्या दिवशी तिने इराबत्तीमामांकडच्यांनाही धरून सहा माणसांच्या भाकरी केल्या.